हवा काढण्याची मजुरी

गाडीचं कूलंट बदलणं हे एक काम वाटतं, पण त्यात दोन कामं असतात. पहिलं, जुनं पाणी सोडून नवं भरणं. दुसरं, नव्या पाण्याबरोबर आत अडकलेली हवा काढणं. पहिलं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं आणि ते बघायलाही बरं वाटतं. खालच्या ट्रेमध्ये तांबूस, गढूळ पाणी पडतं, वरून हिरवं नाहीतर गुलाबी पाणी आत जातं, आणि काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. दुसऱ्या कामाला तासभर लागतो आणि त्या तासात बघण्यासारखं काहीच घडत नाही. इंजिन चालू असतं, मिस्त्री फडक्याला हात पुसत उभा असतो, आणि फनेलमध्ये मधूनच एखादा बुडबुडा येऊन फुटतो.

उतारवयात मला या दुसऱ्या कामाचं भलतंच कुतूहल वाटू लागलं आहे. माझी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात झाली. या पट्ट्यात सगळं मोजलं जातं. शिफ्टला किती नग निघाले, एका नगाला किती सेकंद लागले, हजारात किती बाद झाले. मोजता येतं तेच काम, अशी समजूत इथल्या हवापाण्यात इतकी मुरली आहे की निवृत्त झाल्यावरही ती सुटत नाही. अशा माणसाला गॅरेजच्या स्टुलावर बसून, एका अदृश्य गोष्टीच्या निघून जाण्याची वाट बघावी लागली की त्याचे बरेच हिशेब चुकतात.

आधी ही हवा आत करते तरी काय, ते बघू. सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा ज्वालेचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. भोवतीचं ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधीच वाकायला लागतं. तरीही इंजिन वर्षानुवर्षं शाबूत राहतं, कारण धातूच्या आतल्या पोकळ्यांतून चार-पाच लिटर पाणी सतत धावत असतं. पाणी म्हणायचं ते सवयीनं. निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं इथिलीन ग्लायकॉल, आणि गंज धरू नये म्हणून घातलेली थोडी रसायनं. वॉटर पंप हे मिश्रण ब्लॉकमधून हेडमध्ये ढकलतो. ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं, उघडला की त्याला रेडिएटरची वाट मिळते. एक फाटा डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जातो.

हा सगळा रस्ता चढ-उतारांचा आहे. वरून पाणी ओतलं की आतली हवा जागा सोडते, पण सगळी नाही. नळी जिथे वर चढून पुन्हा खाली येते, त्या उंचवट्यावर ती बसून राहते. हवेला वरच जायचं असतं, त्यासाठी तिला कुणी सांगावं लागत नाही. वर वाट ठेवलेली नसली की ती तिथेच मुक्काम करते. नेमक्या त्याच उंच जागा इंजिनात सगळ्यात गरम असतात, कारण हेड वर असतं आणि आग हेडखालीच असते. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीही धड भरत नाही. बुडबुडा बसला तिथला धातू उघडा पडतो, तापतो, आणि शेजारचा भाग मात्र थंड राहतो. एकाच पत्र्याचा एक कोपरा भट्टीत आणि दुसरा पाण्यात, अशी अवस्था झाली की हेड वाकतं आणि गास्केट जाते. पंपाचीही तीच अडचण. त्याची पाती पाणी ढकलायला घडवलेली असतात. हवा आली की ती नुसती गरगरतात. पुढे काही सरकत नाही.

पण याहून वाईट प्रकार वेगळाच आहे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल या भरवशावर बसवलेला असतो. त्याच्याभोवती हवा साचली तर तो हवेचं तापमान सांगतो. इंजिन आत भाजून निघत असतं आणि मीटरचा काटा खाली आरामात पडून असतो. मग अचानक वाफेचा झोत सेन्सरवर येतो आणि काटा थेट लाल पट्ट्यात उडी मारतो. चालवणारा म्हणतो, ‘आत्ताआत्तापर्यंत काहीच नव्हतं हो.’ त्याचं खोटं नसतं. त्याला कळवण्याचं ज्याच्यावर सोपवलं होतं, तोच कोरडा पडला होता. मोजण्यावर माझा जो भरवसा, त्याला पहिला तडा इथे गेला. काटा स्थिर आहे एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं म्हणता येत नाही. काट्याचं टोक कशाला टेकलं आहे तेही बघावं लागतं.

थंड मुलखातल्या माणसाला ही हवा लवकर सापडते. सकाळी हीटर लावला आणि गार वारा आला, की हीटरच्या नळ्यांत हवा आहे हे त्याला कळतं. आपल्याकडे पुण्या-चिंचवडात हीटरचं बटण गाडी विकेपर्यंत कुणी फिरवत नाही. इथे एकच खूण मिळते. गाडी सुरू करताना किंवा वेग वाढवताना डॅशबोर्डच्या मागे खळखळ ऐकू येते, ओढ्यासारखी. रेडिओ लावून बसणाऱ्याला तीही ऐकू येत नाही.

आमच्या पिढीला गाडी तापणं ही बातमी वाटत नसे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढताना बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट आणि अँबेसिडर दिसायच्याच. कुणी कॅनमधून पाणी घालतंय, कुणी झाकणावर ओलं फडकं टाकून लांबूनच हात पुढे करतंय. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तोवर गाड्याही बदलल्या होत्या, आणि ते दृश्य विरळ होत गेलं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराला पोचतच नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं; महाबळेश्वरला त्याहून आधी. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, आतला दाब एका वातावरणानं वाढवतं, आणि ग्लायकॉलच्या जोडीनं उकळबिंदू सव्वाशेच्या पलीकडे नेतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधी उघडू नये. दाब सुटला की तोवर गप्प बसलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. घाटातल्या त्या ओल्या फडक्यांमागे पुष्कळ भाजलेले हात होते.

माझी गाडी ज्यांच्याकडे जाते ते मिस्त्री चाकणच्या पुढे, मेदनकरवाडीच्या अंगाला बसतात. पन्नाशीचे, खेड तालुक्यातले. इंजिनाआधी त्यांची गाठ पडली ती विहिरीवरच्या पंपाशी. इथे कारखाने यायच्या आधी आणि आल्यावरही पुष्कळ दिवस, कांदा-बटाट्याच्या शेतांवर तेलावरची इंजिनं धडधडत असायची. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, पुण्याच्या खडकीतला ऑइल इंजिनांचा १९४६ चा. दोन्हीकडचा माल या शिवारांत सर्रास असे. पंपानं हवा धरली की पाणी चढत नाही, हे त्यांना शाळेत जायच्या वयातच ठाऊक झालेलं. खालच्या फूटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली, की उभ्या पाइपातलं पाणी रात्रीत उतरून जायचं. सकाळी वरून बादलीनं पाणी ओतायचं, हवेचा कॉक उघडा ठेवायचा, आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की कॉक बंद करून हँडल मारायचं. ग्लँडमधून किंवा व्हॉल्व्हमधून हवा ओढली जात असेल, तर शेणकाला ओतून फट तात्पुरती बुजवायची.

‘आणि एक बघा काका,’ ते मला म्हणाले होते, ‘त्या इंजिनाला थंड करायचं पाणी पंपाच्याच धारेतनं घेतलेलं असायचं. बारीक नळी काढून. पंपानं हवा धरली की शेताचं पाणी बंद, आणि इंजिनाचंबी बंद. आमचा म्हातारा जेवायला बसला तरी कान विहिरीकडं ठेवून असायचा. पाण्याचा आवाज तुटला की घास टाकून पळायचा.’

हे शिक्षण कुठल्या आयटीआयच्या पुस्तकात आहे, मला माहीत नाही. पण गाडीच्या पाण्यातली हवा ज्याला काढता येते, त्याच्या हातात हे असतं. त्यांची पद्धत मी इतक्यांदा बघितली आहे की आता मधल्या पायऱ्या चुकल्या तर मला कळतं. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची, म्हणजे सकाळी इंजिन गार. पुढची चाकं सिमेंटच्या चढावर, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच. निघालेलं पाणी लिटरच्या खुणा केलेल्या बादलीत मोजायचं. ट्रे उघडा टाकायचा नाही. ग्लायकॉल गोडसर लागतं, कुत्रं चाटतं आणि मरतं. मग नवं मिश्रण बारीक धारेनं ओतायचं. घाईनं ओतलं तर पाणीच हवेची वाट बंद करतं. थर्मोस्टॅटच्या डब्यावर हवेचा स्क्रू असेल तर तो दोन आटे सैल करायचा, बुडबुड्यांशिवाय पाणी आलं की बोटाच्या जोरानं आवळायचा. पितळेचा असतो, पाना मारला की आटे जातात.

त्यानंतर इंजिन सुरू, एसी बंद, आणि हीटर पूर्ण गरमवर. मे महिन्यात गाडीत बसून हे करणारा त्यांचा पोरगा घामानं निथळत असतो, पण ज्या गाड्यांत हीटरच्या नळीवर झडप असते तिथे त्याशिवाय तो फाटा उघडतच नाही. मिस्त्री वरची जाड होज मुठीत धरून दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. फनेलमध्ये बुडबुडे येतात. मग बराच वेळ काही येत नाही. नवखा माणूस इथे झाकण लावून मोकळा होतो. मिस्त्री थांबतात, कारण थर्मोस्टॅट अजून उघडलेला नसतो आणि रेडिएटरच्या पलीकडची हवा अजून अडलेली असते. थोड्या वेळानं फनेलमधली पातळी एकदम खाली जाते, गट् असा आवाज येतो, आणि पाठोपाठ मोठे बुडबुडे. तेवढं पाणी पुन्हा भरायचं. खालची होज हाताला कोमट लागली पाहिजे. पंखा आपोआप लागून बंद झाला पाहिजे, निदान दोनदा. मग इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, कारण थंड होताना पाणी आकसतं आणि लपलेली उरलीसुरली हवा जागा सोडते. शेवटी बादलीतला आकडा आणि आत गेलेला आकडा जुळवायचा. पाच लिटर निघालं आणि चारच आत गेलं, तर उरलेला लिटर हवेचा आहे, हे सांगायला सेन्सर लागत नाही.

थर्मोस्टॅटमधली एक बारीक गोष्ट त्यांनीच मला दाखवली. चकतीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं आणि त्यात एक सैल खिळा लोंबत असतो. हवा आली की खिळा ढिला राहतो आणि ती निसटते. पाण्याचा रेटा आला की तो दाबला जाऊन भोक बुजतं. बसवताना हे भोक वरच्या बाजूला यावं लागतं. खाली आलं तर ते असून नसून सारखंच. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी ड्रॉइंग बोर्डावर बसलेल्या माणसानं एवढ्याशा हवेसाठी हा दरवाजा ठेवला. काही गाड्यांत तर सगळ्यात उंच जागेवरून एक पातळ नळी थेट टाकीत नेलेली असते, म्हणजे हवा आपली आपण निघून जावी. अशी सोय असलेली गाडी आली की मिस्त्री त्या न बघितलेल्या माणसाला मनापासून दाद देतात.

कधी कधी मात्र बुडबुडे थांबतच नाहीत. तास उलटतो, पंखा चारदा लागून जातो, आणि फनेल उकळत्या आधणासारखं चालूच राहतं. तेव्हा मिस्त्री इंजिन बंद करून गिऱ्हाइकाला बाजूला घेतात. अडकलेली हवा संपते. कुठून तरी नवी येत असेल तरच ती संपत नाही. हेड गास्केट गेलेली असते आणि सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असतो. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरली की तो पिवळा पडतो आणि संशय पक्का होतो. अशा गाडीची हवा कितीही काढली तरी उपयोग नाही. मला या भेदाचा मोह पडला आहे, हे कबूल करतो. माणसांच्या तक्रारी ऐकतानाही मी आता थोडा थांबून बघतो, बोलून संपतात का. संपत असतील तर ऐकणं पुरतं. संपत नसतील तर आत कुठेतरी आग आणि पाणी यांच्यामधला पडदा फाटला आहे, आणि मग नुसत्या ऐकण्यानं भागत नाही.

गंमत अशी, की हा सगळा पट्टा हवेच्याच भरवशावर वाढला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनायला लागल्या, १९७२ साली चेतक आली, आणि तिला काय किंवा रिक्षाला काय, पाणी घालायची भानगडच नव्हती. इंजिनाच्या फ्लायव्हीलबरोबर फिरणारा पंखा त्याच्या पापुद्र्यांवर वारा मारायचा, झालं. पिंपरीला १९६६ साली टेल्को आली, ट्रकच्या इंजिनांबरोबर रेडिएटर आले, आणि १९९८ साली इंडिका निघाली तेव्हा इथे बनलेली पाण्यावरची गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. पुढे वस्ती चाकणकडे सरकली. हवेवर थंड होणाऱ्या बीटलनं ज्या फोक्सवॅगनचं नाव जगभर केलं, तिनं २००९ साली चाकणला कारखाना उघडला, आणि तिथून निघालेल्या मोटारी पाण्यावरच्या. मर्सिडीजची गोष्ट त्याच्या उलट. १९०१ च्या त्यांच्या मोटारीत विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या, त्यांच्या फटींतून पाणी आणि पोकळीतून वारा. आजचा प्रत्येक रेडिएटर त्याच कल्पनेचा वंशज आहे. हीच कंपनी १९९५ साली पिंपरीत गाड्या जोडू लागली आणि २००९ साली तीही चाकणला गेली. बजाजनंही २०१२ साली चाकणहून पाण्यावर थंड होणारी पल्सर काढली.

म्हणजे वाऱ्याची सद्दी संपली का? अजिबात नाही. पाणी उष्णता संपवत नाही, ते ती फक्त रेडिएटरपर्यंत पोचवतं. तिथे शेवटी हवाच तिला घेऊन जाते. एकाच गाडीत बाहेरची हवा इंजिन वाचवते आणि आतली मारते. फरक असतो तो दोघींमधल्या मिलिमीटरहून पातळ पत्र्याचा. मला यातून कुठलंही तत्त्वज्ञान काढायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की मिस्त्रींच्या कामात कुठलीच वस्तू मुळात वाईट नसते, ती कुठे आहे यावर ठरतं. कूलंट ऑइलमध्ये गेलं की वाईट, ऑइल कूलंटमध्ये आलं की वाईट. त्यांचं निम्मं आयुष्य ज्याला त्याला आपापल्या जागी परत पाठवण्यात जातं.

आणि आता वीज आली आहे. जिथे जुनी स्कूटर बनायची आणि २००७ साली उत्पादन थांबलं होतं, त्याच आकुर्डीत २०२२ साली विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी चाकणमधून निघतात. माझ्या ओळखीतले लोक खुशीत विचारतात, इंजिनच नाही म्हणजे कूलंटची कटकट गेली ना? मोटारींत नाही गेली. बॅटरीलाही ठरावीक तापमान लागतं, तिच्या तळाशी तेच ग्लायकॉल-पाणी खेळत असतं. तिथेही हवा शिरते. फरक एवढाच की बऱ्याच गाड्यांत लॅपटॉप किंवा स्कॅनर जोडून विजेचा पंप आणि झडपा आळीपाळीनं चालवाव्या लागतात, तेव्हा ती निघते. होज दाबायचा हात गेला, थांबणं राहिलं.

कारखान्यात हे थांबणं परवडत नाही. मी नोकरीत असताना असेंब्ली लाइनवरचं ते स्टेशन जवळून पाहिलं आहे. गाडी समोर आली की यंत्राचं तोंड टाकीवर बसतं. आधी ते आतली हवा ओढून घेतं, मग काही क्षण थांबून निर्वात टिकतो का ते पाहतं. टिकला नाही तर कुठेतरी गळती आहे, गाडी बाजूला. टिकला तर त्या पोकळीत कूलंट आपणहून खेचलं जातं. हवेला काढायचा प्रश्नच येत नाही; ती पाण्याच्या आधीच गेलेली असते. सगळं मिनिटा-दोन मिनिटांत, आणि प्रत्येक गाडीचा आकडा नोंदलेला. मला ते यंत्र फार आवडायचं. त्याच्याशी गॅरेजची तुलना करून मिस्त्रींच्या संथपणाचे गोडवे गाणं मला पटत नाही. कॉम्प्रेसरवर चालणारं असलं छोटं उपकरण मिळतं, आणि मिस्त्रींनी ते मागच्या वर्षी आनंदानं घेतलंही. त्याची नळी सगळ्याच टाक्यांच्या तोंडावर बसत नाही, जुन्या गाड्यांच्या कुजलेल्या होज निर्वातात चपट्या होतात, म्हणून अर्ध्या गाड्यांना अजून फनेल आणि तास लागतोच. धीर हा काही त्यांचा छंद नाही. यंत्र नसताना त्याच्या जागी जे घालावं लागतं, ते म्हणजे हा धीर.

मग त्या तासाचे पैसे कुठे जातात? मी एकदा त्यांना सुचवलं, ‘मिस्त्री, बिलावर वेगळी ओळ लिहा की, हवा काढण्याची मजुरी.’

ते हसले. ‘काका, टायरात हवा भरायचे दहा रुपये द्यायला लोक कुरकुरतात. काढायचे कोण देईल?’

‘मग तो तास फुकट?’

‘फुकट कशाला? कूलंटच्या डब्यात घालतो. डबा थोडा महाग लावतो. वस्तूचे पैसे द्यायला माणूस कां-कूं करत नाही. थांबल्याचे म्हटलं की त्याला वाटतं, हा नुसता उभा होता.’

ही लहानशी लबाडी त्यांनी मला इतक्या सरळपणे सांगितली, की तिचा दोष त्यांच्याकडे ठेवावासा वाटेना. आम्हीच ती त्यांच्याकडून करवून घेतो. जे दिलं ते दाखव म्हणतो, आणि त्यांनी तर काहीतरी काढून घेतलेलं असतं. त्यांचं काम उत्तम झालं याचा पुरावा एवढाच, की पुढे काही झालं नाही. घाट चढताना काटा हलला नाही. मुलांना घेऊन गावी निघालेला माणूस रात्री कुठल्याशा वळणावर थांबला नाही. न घडलेल्या गोष्टी बिलात कशा धरायच्या?

पण धरता येतात, हे याच पट्ट्यानं सिद्ध केलं आहे. इथल्या कितीतरी कारखान्यांच्या गेटवर एक फळा असतो: अपघाताविना किती दिवस झाले. रोज सकाळी कुणीतरी तो आकडा एकानं वाढवतं. नोकरीभर तो फळा मी नुसता बघत आलो. आता कळतं की त्या सगळ्या आवारात तो एकच आकडा काहीही न घडल्याचा होता, आणि बाकीच्या आकड्यांना तोच सांभाळून होता. त्याच्यामागे माणसं होती, गार्ड बसवणारी, तेल पुसणारी, मशीन थांबवून खात्री करणारी. त्यांच्या पगाराबद्दल कुणी विचारलं नाही की तुम्ही नग किती काढले. गेटच्या आत जे समजतं ते गेटच्या बाहेर, शंभर पावलांवरच्या गॅरेजमध्ये, आपल्याला का समजू नये?

कारण तिथे पैसे आपल्या खिशातून जातात. चौकापलीकडे दुसरं गॅरेज आहे, तिथे हेच काम वीस मिनिटांत आणि निम्म्या मजुरीत होतं. तिथल्या पोरांना गाडीमागे पैसे मिळतात. जो तास दिसत नाही तो आधी कापला जातो, यात त्या पोरांची चूक नाही. गाडी लगेच मिळते, पाणी टाकीच्या खुणेपर्यंत असतं, काटा खाली असतो, गिऱ्हाईक खूश. त्यातल्या काही गाड्या उन्हाळ्यात टो होऊन मेदनकरवाडीला येतात. मग मिस्त्री हेड उतरवतात, फेसिंगला पाठवतात, गास्केट सेट, हेड बोल्ट, ऑइल, फिल्टर आणि पुन्हा नवं कूलंट मागवतात. त्या बिलावर प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ओळ असते, आणि तेव्हा कुणीही घासाघीस करत नाही.